सहलीतलं लग्न

पितरांना बोलावायचं गाणं आलं, तशी ठमाबाई थांबली. हे गाणं गाळायचं, असं तिने घरून निघतानाच ठरवलं होतं. मांडवात लागत होतं ते लग्न खोटं, आणि खोट्या लग्नाला मेलेली माणसं बोलवायची म्हणजे त्यांची थट्टाच की!

ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गायचे आणि त्या गाण्यांनीच लग्न लावायचं, हे तिचं काम. आजचं वऱ्हाड मात्र आलं होतं आलिशान रेल्वेगाडीतून. गाडी खारबाव स्टेशनात उभी होती आणि पाहुणे एसी बसने भिवंडी बघत फिरत होते. सकाळी यंत्रमाग, दुपारी अकलोलीची गरम कुंडं, मधल्या वेळात 'आगरी लग्न'. दापोड्याला गोदामं असलेल्या हितेशने हे कंत्राट मोठ्या हौसेने घेतलं होतं. नवरी म्हणून ठरलेली पोरगी ऐन वेळी आली नाही, तेव्हा या पठ्ठ्याने कॉलेजात जाणाऱ्या आपल्या लेकीला, उन्नतीलाच नवरी करून बसवलं. नवरा म्हणून सहलीतलाच एक गोरा तरुण समोर बसून, मुंडावळ्या सावरत, डिजिटल कॅमेऱ्यांकडे बघून हसत होता.

उन्नतीने ठमाबाईचा पदर ओढला.

"आजी, आईचं नाव घे ना."

उन्नतीच्या आईला, मृणालीला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

"बाय, असा हट्ट करू नको. पोरीच्या लगनाला मेलेली आय एकदाच येते. आज बोलावली, तं खऱ्या लगनाला येणार न्हाय."

"मला आजच हवीय ती."

पोरीचे डोळे बघून म्हातारीला नाही म्हणवेना. तिने डोळे मिटले आणि मृणालीचं नाव घेऊन, लेक पाटावर बसलीय, हळद लावायला ये, असं आर्जवाने गायलं. डोळे उघडले, तर उन्नती त्या रुंद पाटाच्या कडेला सरकून बसली होती. शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी.

तेवढ्यात गाईडने टाळ्या वाजवल्या. बस सुटायची वेळ झाली होती. अक्षता पडायच्या तशाच राहिल्या. थँक्यू थँक्यू करत पाहुणे उठले, नवऱ्यानेही मुंडावळ्या काढून खुर्चीवर ठेवल्या आणि हात हलवत तो बसमध्ये चढला.

बोलावलेल्यांना निरोप द्यायचा तो लग्न लागल्यावर. लग्नच लागलं नाही, तर त्यांना परत जा म्हणायचं कोणत्या तोंडाने? तरी ठमाबाईने धीर करून निरोपाचं गाणं धरलं.

"नको ना आजी," उन्नती म्हणाली. "राहू दे तिला."

बस रवाना करून हितेश घाम पुसत मांडवात आला. "मस्त झालं, मावशी! बुधवारी दुसरी गाडी हाय." आणि दमून तो लेकीशेजारी टेकायला वाकला.

"पप्पा, तिथं नको बसू!"

तो तसाच अर्धवट वाकलेला राहिला. बायको गेल्यापासून त्याने घरात तिचा विषयसुद्धा काढू दिला नव्हता. आता त्याने त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग ठमाबाईकडे. ठमाबाईने मान खाली घातली.

हितेशचा आवाज एकदम खाली आला. "काय... काय म्हणते?"

उन्नतीने शेजारी वळून जरा वेळ कान दिला.

"विचारतेय, नवरामुलगा कुठं गेला?"