बूटमावशी

चर्रर्र.

बुटाच्या पट्टीचा आवाज त्या एका खोलीत केवढा मोठा झाला. वैदेहीनं पट्टी पुन्हा उघडली, पुन्हा घट्ट लावली. बाहेर अजून कावळासुद्धा बोलला नव्हता. रोज ती सहाला निघायची. आज साडेपाचलाच दाराला कुलूप लागलं.

भाट्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनाशी, यमुनाबाई एकट्याच काठीनं वाळूत रेघ मारत होत्या. शाळेत पस्तीस वर्षं पी.टी. शिकवून निवृत्त झाल्या, पण शिट्टी काही गळ्यातून उतरली नव्हती.

"आज लवकर गो?"

"जाग आली."

"मलापण. वासंतीचा इथला शेवटचा दिवस ना."

वैदेही खांदे फिरवायला लागली. आजचा हा एक तास. मग नाही.

आठ महिन्यांपूर्वी ती इथे पहिल्यांदा आली, तेव्हा रेघेपासून पाण्यापर्यंत धावताना दोनदा खाली बसली होती. राजापूरहून नोकरीसाठी आलेय, कुरिअरच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीत असते, इथे ओळखीचं कुणी नाही, असं तिनं सांगितलं होतं. बायकांनी जास्त खोदून विचारलं नाही. वासंतीकाकू मात्र तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या होत्या. मग म्हणाल्या होत्या, "हिला माझ्या शेजारी उभी राहू दे."

तेव्हापासून दोघींची जोडी. हात धरून ताण द्यायचा, पाठीला पाठ लावून उठाबशा काढायच्या. आता वैदेही न थांबता तीन फेऱ्या मारायची. गालांवर रंग आला होता. रविवारी नम्रता तिला हक्कानं घावन खायला घरी ओढून न्यायची.

एकच गोष्ट तिनं कधी ऐकली नाही. वाळूला पाय लागलाच पाहिजे, हा बाईंचा नियम. सगळ्यांच्या चपला सुरूच्या मुळांशी रांगेत, आणि एकट्या वैदेहीच्या पायात बूट. टाच दुखते, डॉक्टरांनी सांगितलंय.

"कुठला हा डॉक्टर? आणा त्याला इकडे, चार फेऱ्या मारायला लावते," बाई म्हणायच्या.

तेव्हा काकूच मधे पडायच्या. "असू देत हो तिचे बूट."

सहा वाजले. नम्रता आली, बाकीच्या आल्या, आणि काकूंचं बोट धरून त्यांची नात राही आली. सहा वर्षांची, आईचा चेहराही न आठवणारी. घरी ठेवायला कुणी नाही म्हणून रोज यायची आणि बायका पुढे धावल्या की मागे त्यांच्या पावलांच्या ठशांत आपलं पाऊल ठेवत चालायची. ही नम्रतामावशी. ह्या बाई, अंगठा वाकडा. आणि हा टायरसारखा ठसा, म्हणजे बूटमावशी.

"माझ्या पायाची चारच बोटं उमटतात," ती सगळ्यांना अभिमानानं दाखवायची. "मधल्या दोघी चिकटलेल्या मैत्रिणी आहेत. एकमेकींचा हात सोडतच नाहीत."

शिट्टी वाजली.

"काकू, मुंबईत कुठली असली वाळू? कुंडीत पाय घालून उड्या मारा आता," नम्रता म्हणाली.

"मारीन की. हिचा बाबा, मुकुल, अकराला गाडी घेऊन येतोय. आता लेकाकडेच राहायचं. हिची शाळाही तिकडेच." काकू थांबल्या. "काल फोनवर विचारत होता, कोण कोण असतं गं तुमच्या व्यायामाला? म्हटलं, आम्ही सगळ्या म्हाताऱ्याकोताऱ्या."

"मी कुठली म्हातारी? फोन लावा त्याला!"

सगळ्या खो-खो हसल्या. वैदेहीही हसली.

मग पाठीला पाठ. कोपरात कोपर अडकवून दोघी खाली बसल्या, वर उठल्या. आणि रोजच्यासारखं, कुणी काही विचारलेलं नसताना, काकूंनी सुरू केलं.

"काल राहीनं वरण दोनदा मागून घेतलं. समोरचा दात हलतोय. झोपताना अजून गोधडीचा कोपरा मुठीत लागतो."

"झालं नातीपुराण सुरू!" कुणीतरी म्हणालं.

पाठ टेकलेली असल्यामुळे वैदेहीला काकूंचा आवाज कानाआधी पाठीत ऐकू यायचा. आज तो मधेच अडखळला. "अंधाराला घाबरत नाही हो आता," काकू म्हणाल्या. "दिवा मालवला तरी झोपते."

"सोळा," वैदेही म्हणाली. "सतरा."

सात वाजता शेवटचं वर्तुळ झालं. बाईंनी काकूंना नारळ दिला आणि "तिकडे आळस केलास तर बघ" असं दरडावताना स्वतःच नाक पुसलं. बायका चपला घालून, मागे वळून हात करत पांगल्या. पाण्याच्या कडेला तिघीच उरल्या.

राही वैदेहीच्या बुटांकडे बघत होती. "मला सगळ्यांचे पाय माहितीयत. हिचेच नाहीत. एकदा काढ ना."

"टाच दुखते गं माझी."

"एकदाच. मग मी जाणारच आहे."

वैदेहीनं काकूंकडे पाहिलं. काकू समुद्राकडे बघत होत्या. एक लाट आली, गेली. दुसरी आली.

"काढ गो," त्या तोंड न वळवता म्हणाल्या. "आज काढ."

चर्रर्र. मग दुसरी पट्टी. मोजे. ओली वाळू वैदेहीच्या तळव्याला गार लागली. ती चार पावलं चालली आणि थांबली.

राही पहिल्या ठशापाशी उकिडवी बसली. बोट लावून मोजू लागली. एक, दोन... पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग उठून तिनं त्या ठशात आपलं पाऊल अलगद ठेवलं, आणि मान वर केली.

"आजीच्या पायाला अशा मैत्रिणी नाहीत, बाबाच्या पण नाहीत. मग तुझ्या कशा?"