अठ्ठेचाळीस व्होल्ट

उमेशनं इन्व्हर्टरच्या दोन्ही वायरी एका झटक्यात उपसल्या. टीव्ही विझला, पंखा थांबला. आई चुलीपासून ओरडली, "आरं, काय करतोस?"

"गोदीचं रक्त थांबत नाय. गाडी बोलवायला पाहिजे."

"मग फोन कर ना! बॅटरी कशाला काढतोस?"

त्यानं बॅटरी बाहेर ओढली. फोन लागणार कुठून? पावसानं तारा तोडल्यापासून गावात लाईट नव्हती, आणि लाईट गेली की टॉवर मरायचा. त्याची बहीण गोदी उपकेंद्रात बाळंत झाली होती. पोरगी रडली, पण गोदी पांढरी पडत चालली. सुनिता सिस्टर दारात येऊन एवढंच बोलली होती, "माझ्या हातात आहे ते मी करते. मला गाडी पाहिजे. आत्ता." गावातली एकुलती जीप सकाळीच जव्हारच्या बाजाराला गेलेली. मोटारसायकलनं जाऊन गाडी आणायची, तर तेवढा वेळ गोदीकडं नव्हता.

लाईट गेली की टॉवर का मरतो, हे उमेशला पक्कं माहीत होतं. टॉवरची एक बॅटरी त्याच्याच घरात होती.

त्याला विजेच्या वस्तूंचा नाद. स्वतः ॲम्प्लिफायर बनवलेला, गावातले रेडिओ उघडून बसायचा. बॅकअपसाठी त्यानं सगळं करून बघितलं. मोटारसायकलची बॅटरी एका बल्बात आडवी झाली. जुन्या लॅपटॉपचे सेल जोडले, ते पुरीसारखे फुगले. नवी मोठी बॅटरी दुकानात हात लावून बघितली आणि तिथंच ठेवली. मग टॉवर सांभाळणारा ठेकेदाराचा माणूस एकदा घरी आला, चहा प्यायला आणि बोलला, "एक घे तू, स्वस्तात देतो. टॉवर चलता है तीन पे. कुणाला बोलू नको."

तो खोटं बोलतोय हे उमेशला कळत होतं. बारा-बाराच्या चार, मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट. एक काढली की टॉवर लाईटच्या भरवशावर. तरी त्यानं घेतली. लाईट काय रोज जाते, असं स्वतःला सांगितलं. इथं लाईट रोजच जाते.

त्यानं बॅटरी गोणपाटात झाकली नाही. उघडी डोक्यावर घेतली आणि भर पाड्यातून निघाला.

"काय रं उमेश," ढवळूबाबा पडवीतून ओरडला, "नवरी मिळाली नाय म्हणून बॅटरीच पळवून नेतो का?"

पडवीतले चारपाच जण हसले.

"टॉवरची हाये," उमेश थांबला नाही. "मीच घेतलेली. परत लावाय चाललो."

हसणं बंद झालं. "म्हणजे चोर तू?"

"हां, चोर. मारायचं तर नंतर मारा. गोदी मरंल."

टॉवरच्या माळावर चढताना पाय सरकत होते. मानेची शीर फुटेल असं वाटत होतं. टॉवरच्या पेटीला कुलूप नुसतं लटकवलेलं होतं. त्यानं दार ओढलं.

चारी खण रिकामे. नुसत्या वायरी लोंबत होत्या.

उमेशनं डोक्यावरची बॅटरी खाली टेकवली. त्या माणसानं गावात एकेकाला असंच गाठून सगळा टॉवर धुऊन विकला होता. टॉवर उभा राहिला तेव्हा नारळ फुटला होता, साहेबांचे फोटो निघाले होते. आत बॅटऱ्या आहेत का, हे बघायला पुन्हा एक माणूस आला नव्हता. आणि आपण? आपणही त्यातलेच. एकट्या बारा व्होल्टात पेटीतला पंखासुद्धा फिरणार नव्हता.

तो माळाच्या कडेला गेला आणि गळा फाटेस्तोवर ओरडला, "चारी गेल्यात! ज्यानं घेतल्या त्यानं आणा! कोण काय बोलणार नाय!"

खाली पाऊस तेवढा हलत होता. दारं बंद. त्यानं पुन्हा हाक मारली. शिव्या घातल्या. मग नुसतं गोदीचं नाव घेतलं.

पहिला सखा आला. मान खाली, डोक्यावर बॅटरी. त्याच्या दुकानात सगळ्या गावाचे मोबाईल तिच्यावर चार्ज व्हायचे. रेंज नसलेले मोबाईल. त्याच्या मागं रूपेश गुरुजी आणि त्यांची बायको हर्षाली, दोघांच्या मधे चादरीची झोळी, झोळीत बॅटरी.

"शाळेच्या कॉम्प्युटरसाठी घेतली होती मी..." गुरुजींनी सुरुवात केली.

"गुरुजी, वायर धरा," उमेश म्हणाला.

त्यानं पान्ह्यानं एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला आवळला, तिसरी जोडली. छत्तीस. पुढं खण रिकामा. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले.

"चौथी पोलीस पाटलाकडं असंल," सखा बोलला.

"तुझ्याच घरात दुसरी नाय कशावरून?" हर्षाली तडकली.

"बघ ना घर माझं! चल, बघ!"

"गप बसा!" उमेश किंचाळला.

तेवढ्यात चढावर गोदीचा नवरा लहान्या दिसला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर बॅटरी. तो धड चालत नव्हता, धड पळत नव्हता. विचारायला वेळ नव्हता. उमेशनं ती खणात सरकवली, शेवटची वायर आवळली. ठिणगी उडाली. पेटीतला पंखा घरघरला. हिरवा दिवा लागला. सगळे हातात मोबाईल धरून पावसात उभे, देवापुढं उभं राहावं तसे.

बराच वेळ काहीच नाही. मग रेंजची एक काडी आली.

उमेशनं १०८ लावला. गाव सांगितलं, रस्ता सांगितला, रक्त सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, गाडी निघतेय. तो "लवकर या, बाई, लवकर" म्हणत राहिला, फोन कटल्यावरही.

मग त्यानं मेहुण्याकडं बघितलं. "भावजी, ही चौथी कुणाच्या घरात होती?"

लहान्या चिखलातच बसला होता. धाप थांबत नव्हती.

"घरात नाय. गोदीच्या खाटेखाली. खोलीतला बल्ब तिच्यावरच होता. सिस्टरनं स्वतः वायर काढून दिली. बोलली, रक्त हाताला कळतं, तू उजेड घेऊन जा."