खरे केस कसे ओळखावेत

अकराव्या गिऱ्हाइकानेही नकार दिला. टोपवाल्यांनी फोन ठेवला आणि वहीतल्या अकराव्या नावावर काट मारली.

हे अकरावे गृहस्थ तसे सज्जन. पण फोन गेला तेव्हा त्यांची बायको शेजारी बसलेली असावी. त्यांनी टोपवाल्यांना सरळ प्लंबर ठरवून टाकलं. नळ आता अजिबात गळत नाही, तुमच्या हाताला गुण आहे, असं मोठ्याने सांगितलं आणि फोन बंद केला. त्याच्या आधी एका गायकाने राँग नंबर म्हटलं, तेही त्याच्या त्या खणखणीत, घरोघरी ओळखीच्या आवाजात. व्यायामशाळेचा मालक तेवढा अभिप्राय द्यायला तयार झाला. अट एकच, त्यात केस हा शब्द येता कामा नये. मग उरलं ते इतकंच: माल उत्तम, पाण्यातही टिकतो. वाचणाऱ्याला वाटावं, बादलीबद्दल लिहिलंय.

टोपवाले तीस वर्षं केसांचे टोप करत आले होते. एकेक केस सुईने जाळीत ओवायचा, एका टोपाला दीड महिना. वर्षातले तीन-चार महिने ते नाटक कंपन्यांबरोबर दौऱ्यावर असत, तेव्हा दुकान कारागीर बाई सांभाळत. आता कंपन्याही कमी झाल्या आणि लोक मोबाइलवर बघून तयार टोप मागवू लागले. दुकानात माशा मारत बसायची वेळ आली. असंच चाललं तर वर्षअखेरीस शटर कायमचं खाली, हे टोपवाल्यांना स्पष्ट दिसत होतं. म्हणून त्यांनी मेहुणीला वेबसाइट करायला सांगितलं. वेबसाइटी करणं हा तिचा धंदाच होता.

मेहुणीने नात्याची भीडभाड ठेवली नाही. नाचणारी अक्षरं तिने पहिल्या दिवशीच उडवली. फोन नंबर पहिल्या पानावर, ठळक. कुठून तरी उचललेले देखणे चेहरे नकोत. फोटो आपलेच, आणि ताजे. दर महिन्याला काहीतरी नवं लिहायचं, नाहीतर माणसाला वाटतं, दुकानदार गेला वाटतं. टोपवाल्यांनी सगळं मुकाट्याने मान्य केलं. मग ती मुद्द्यावर आली.

"भावोजी, अभिप्रायांच्या पानावर एक तरी खरं माणूस हवं. चेहऱ्यासकट, नावासकट. नाहीतर लोक म्हणतील, टोपवाल्याने टोपी घातली."

तिथेच सगळं अडलं होतं. बाकी वेबसाइट तयार होती आणि त्यातल्या एका पानावर तर टोपवाले बेहद्द खूश होते. 'खरे केस कसे ओळखावेत' हे पान त्यांनी स्वतः लिहिलं होतं. भांग कुठे निरखावा, कानशिलापाशी काय बघावं, वाऱ्यात खरे केस कसे हलतात, सगळं बारकाईने. रस्त्यापलीकडून जाणाऱ्या माणसाचा टोपही आपल्या नजरेतून सुटत नाही, असंही त्यात होतं. पानाच्या मधोमध त्यांच्या बायकोचा फोटो होता, मागच्याच महिन्यात गॅलरीत उभं करून काढलेला. त्याखाली त्यांनी लिहिलं होतं: 'निसर्गाची देणगी. याची सर माझ्या हाताला अजून आलेली नाही.' बायकोच्या केसांचं हे कौतुक ते दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकापुढे करायचे. ते सुरू झालं की आतल्या खोलीत कारागीर बाईंना खोकला लागायचा.

मेहुणीचा आणखी एक नियम होता. वेबसाइट सुरू करण्याआधी ती दुसऱ्या कुणीतरी वाचायची, कारण आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत. टोपवाल्यांची बायको शाळेत भाषा शिकवायची. तिच्या नजरेतून वेलांटी निसटत नसे. काम तिच्याकडे आलं.

रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलापाशी बसली. टोपवाले उगीचच आसपास घुटमळत होते. कधी खुर्ची सरळ केली, कधी पडदा. अकरा गिऱ्हाइकांची कहाणी त्यांनी तिला सांगितली. यात लाजण्यासारखं काय आहे तेच मला समजत नाही, असं दोनदा म्हणाले. एक माणूस पुढे आला असता तर दुकान तरलं असतं, असंही म्हणाले, पण ते जरा हळू. बायको 'खरे केस' वाल्या पानावर बराच वेळ थांबली होती. तिला भरून आलं असेल, असं त्यांना वाटलं.

अखेर तिने चष्मा काढला. तीन चुका सापडल्या, म्हणाली. फोन नंबरात एक आकडा कमी होता. दुकान सकाळी दहा ते सकाळी सात उघडं असतं, असं छापलं होतं. टोपवाल्यांनी कपाळावर हात मारला आणि तिसरी विचारली.

"माझा फोटो चुकीच्या पानावर लागलाय."

टोपवाल्यांनी फोटोकडे बघितलं, मग बायकोकडे. तिला संकोच वाटत असणार. पसंत नसेल तर लगेच काढून टाकू, म्हणाले.

"काढू नका. अभिप्रायांच्या पानावर लावा," ती म्हणाली. "खाली लिहा: टायफॉइडनंतर याच दुकानातून टोप घेतला, नऊ वर्षं वापरते आहे, घरात नवऱ्यालाही कळलेलं नाही. आणि माझं नाव पूर्ण छापा."