इनो प्यालेला उंदीर

"कोणालेच खरं वाटणार नाही, पण इनो उंदरानं पेलं," गुणवंतानं गळ्याला हात लावून शपथ घेतली.

त्याच्या सुनेनं, दामिनीनं, हातातल्या इनोच्या पुड्या पाहिल्या. दोन होत्या, दोन्ही रिकाम्या, दोन्ही कडेवरून सरळ फाडलेल्या.

"मामाजी, उंदीर पुडी कुरतडते. फाडत नाही."

"शिकलेला असंल."

गॅसवर पाणी खळखळत होतं. तेलाचा हात फिरवलेली ताटली तयार होती. ढोकळ्याचं पीठ मात्र पातेल्यात निपचित पडलं होतं. इनो घातल्याशिवाय ते फुगणार नव्हतं, आणि गल्लीतलं दुकान दहाशिवाय उघडत नव्हतं. घड्याळात पावणेनऊ झाले होते. नऊला बोरगावच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनचा माणूस नाश्ता चाखायला येणार होता.

दामिनी हे सगळं शिकली ते माहेरी, पांढुर्ण्याला, शेजारच्या गुजराती काकूंकडून. ढोकळा, मुठिया. वाफेवरचं, कमी तेलाचं. तिच्या नवऱ्यानं, कुलदीपनं, नागपूरला खोली पाहून ठेवली होती. आज ऑर्डर आली तर इथं सौसरातच राहायचं, नाही तर एक तारखेला घराला कुलूप लावून म्हाताऱ्यासकट निघायचं, असं ठरलं होतं. नागपूरच्या तिसऱ्या मजल्यावर आपण आठ दिवस जगणार नाही, हे गुणवंता अख्ख्या गल्लीला सांगून चुकला होता.

म्हणून तो एका जागी बसत नव्हता. खाटेवर टेकला. उठला. दारापर्यंत गेला. टोपी काढून झटकली, पुन्हा घातली. सुनेच्या धंद्याची जाहिरात म्हणजे तोच तर होता. सहा महिने झाले, दामिनी गिऱ्हाइकाला त्याच्याकडेच बोट दाखवायची. आमच्या मामाजींना पाहा, तळलेलं सोडलं अन् साखर कशी खाली आली.

ठोक्याला नऊ वाजता कॅन्टीनचा माणूस, श्रीकांत, आला. पांढुर्ण्याहून पहाटेच्या पहिल्या बसनं सौसरात उतरला होता. काटकुळा माणूस, बोलणं मोजकं. गुणवंताला पाहून दारात जरा थबकला, मग चपला काढून आत आला.

"ढोकळा होता ना जी आज?" त्यानं विचारलं.

दामिनीनं आतूनच सांगितलं, "वीस मिनिटं लागतीन, भाऊ." आणि लगेच किसणीवर दुधीभोपळा घसाघसा घासला जाऊ लागला.

गुणवंताच्या ध्यानात आलं. पोरगी त्याच पिठात दुधी आणि ज्वारीचं पीठ कालवून मुठिया वळणार. त्याला फुगायची गरज नाही. फक्त वीस मिनिटं हवीत, आणि ती आता आपल्या जिभेवर आहेत.

"तुमाले सांगतो भाऊ, आज या घरात काय झालं ते. उंदरानं इनो खाल्लं."

"अच्छा?"

"दोन पुड्या! वरून माठाखालचं पाणी पेला. मंग काय! पोट फुगून राहिलं, फुगून राहिलं. लिंबाएवढं झालं, संत्र्याएवढं झालं, पपईएवढं झालं. पाय सुटले जमिनीवरून. गेला वरतं. पंख्याले जाऊन टेकला!"

"मांजर नाही का तुमच्याकडं?"

"आहे ना! खाली बसून वरतं पाहून राहिली. जन्मात पहिल्यांदा तिले उंदराकडं मान वर करा लागली. लाजून शेजारी निघून गेली, अजून आली नाही."

श्रीकांत हसला नाही. त्याची नजर गुणवंताच्या टोपीवर होती.

"डोक्यावर पांढरं काही होतं का जी त्या उंदराच्या?"

"होतं!" गुणवंतानं मांडीवर थाप मारली. "पांढरं फेक! तुमाले कसं माईत?"

"असंच विचारलं. मंग?"

"मंग त्यानं एक ढेकर देला. अन् ढेकरासरशी खिडकीतून जे सुटला, ते सरळ रामाकोना गावाकडं. तिकडच्या संत्र्याच्या बगीच्यातले लोक काम सोडून वर पाहत होते म्हणते."

आतून मोहरी तडतडली, तिळाचा वास आला. दामिनी ताटली घेऊन आली. खरपूस, तुकड्या-तुकड्यांची मुठिया, वर कोथिंबीर.

"ढोकळा नाही झाला, भाऊ," ती म्हणाली. "इनो नव्हतं. खोटं कायले सांगू?"

श्रीकांतनं एक तुकडा खाल्ला. दुसरा खाल्ला. चौथ्यावर थांबून तो पाणी प्याला. गुणवंता उठला, बसला, पुन्हा उठला.

"आमच्या मशीनवरच्या पोरांची रोज सकाळी छाती जळते," श्रीकांत म्हणाला. "तेल खाऊन खाऊन. सोमवारपासून साठ जणांचं पाठवा, ताई. ढोकळा राहू द्या, हेच पाठवा."

दामिनी मटकन खाटेवर बसली. गुणवंतानं छाती पुढं काढली.

"हेच खाऊन मी असा आहे, भाऊ! सहा महिने झाले, भज्याचं तोंड नाही पाहिलं."

श्रीकांतनं हात पुसले, चपला घातल्या आणि उंबऱ्यावरून मागं वळला.

"तेवढ्या इनोच्या पुड्या कुलपात ठेवत जा, ताई. तुमचा उंदीर काही रामाकोन्याले गेला नाही. आज सकाळी सात वाजता सौसरच्या स्टँडवर, हीच टोपी घालून, माझ्या बाजूले उभा होता. तीन मिर्ची भजे त्यानं स्वतःचे खाल्ले, अन् चौथं माझ्याकडं न पाहताच माझ्या प्लेटीतलं उचललं."