सात नंबरचा गेंडा

तपासनीस गाडीखाली उताणा पडला होता. बाहेर फक्त त्याचे बूट दिसत होते आणि दंतवैद्य त्या बुटांशीच बोलत होता.

"चहा सांगू का साहेब? तास झाला तुम्हाला आत जाऊन."

"पेशंट तोंड उघडून पडलेला असताना तुम्ही त्याला चहा विचारता का, डॉक्टर?"

दंतवैद्य हसला.

या गाडीला सगळे गेंडा म्हणत. आता गेंडा म्हणजे चामड्याच्या गरम होणाऱ्या खुर्च्या, काचेचं छत आणि वर्षभराची प्रतीक्षायादी. पन्नास वर्षांपूर्वी मात्र कंपनी म्हणजे पत्र्याची एक शेड होती. पंप दुरुस्त करणाऱ्या सहा जणांनी तिथे पहिले बारा गेंडे हातांनी जोडले. दारातून पाणी आत यायचं, खुर्च्या लाकडी होत्या, पण गाडी कुठलाही चढ चढायची.

त्या बारापैकी अकरा सापडले होते. सात नंबरचा बेपत्ता होता. तो आणून देणाऱ्याला नवाकोरा गेंडा मिळेल असं कंपनीनं जाहीर केलं आणि वीस जण सात नंबर घेऊन हजर झाले. तपासनिसानं वीसही परत पाठवले.

"काका, एकाला तरी हो म्हणा," मालकीणबाई वैतागल्या होत्या. संस्थापकांची ही नात तपासनिसाच्या डोळ्यांदेखत मोठी झाली होती. "आठ दिवसांवर कंपनीच्या पन्नाशीचा सोहळा आलाय. संग्रहालयाच्या दारातल्या चौथऱ्यावर काय तुम्हाला उभं करू?"

"करा. पण खोटी गाडी नको. पाटीवर नाव माझं लागणार आहे."

तीस वर्षांत त्याला एकही सही मागे घ्यावी लागली नव्हती. आणखी तीन महिन्यांनी तो निवृत्त होणार होता.

दंतवैद्याची गाडी एकविसावी. सांगाड्याचं लोखंड जुनं होतं. नंबर हातानं ठोकलेला होता. पण जुनं लोखंड भंगारात मिळतं आणि ठसे कुणालाही पाडता येतात. कागद वाळवीनं खाल्ले, असं दंतवैद्य म्हणाला होता. विसांपैकी नऊ जणांच्या घरी हीच वाळवी होती.

तपासनिसानं स्वतःची कसोटी शेवटी ठेवली. पुढच्या डाव्या चाकाच्या कमानपाट्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचा, दुसरा बोल्ट. कंपनीच्या आराखड्याप्रमाणे तो बाहेरून आत जातो. त्या अकरा गाड्यांत मात्र तो आतून बाहेर बसवलेला होता. त्या सहा जणांतला एक डावखुरा होता. अडचणीच्या जागी त्याच्या हाताला पाना नीट बसेना, म्हणून त्यानं आपल्या सोयीनं बोल्ट उलटा घातला. तेरावी गाडी जोडायच्या आधी त्याला गिअरच्या कामावर पाठवलं आणि बोल्ट सरळ झाला. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. तपासनिसानं ते बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्यानं विजेरी वळवली.

बोल्ट उलटा होता.

तो सरपटत बाहेर आला. कपाळाला ग्रीस लागलं होतं आणि चेहरा दहावीत पहिला आल्यासारखा झाला होता.

"डॉक्टर, आता सांगा चहा."

मग त्यानं गाडी खाणीच्या रस्त्यावर काढली. खडीवर चाकं क्षणभर जागीच फिरली, मग त्यांची पकड बसली आणि गेंडा गुरगुरत वर चढला. समोरून एक नवा गेंडा येत होता. त्याच्या चालकानं दिवे दोनदा लावले. गेंडावाल्यांची ही रीतच होती. तपासनिसानंही दोनदा दिवे लावले आणि एकटाच मोठ्यानं हसला.

एवढ्यावर तो थांबला असता, तर तो तपासनीस कसला? त्यानं निवृत्तांची जुनी नोंदवही काढली. सहापैकी एकच हयात होता, आणि तो नेमका डावखुरा मिस्त्री. फोन सुनेनं घेतला.

"मामंजी फोनवर येत नाहीत हो. ऐकू कमी येतं. पण हिंडते-फिरते आहेत, दिवसभर शेडमध्ये काहीतरी ठोकत असतात. सोहळ्याला घेऊन येते त्यांना."

ही गोष्ट त्यानं मालकीणबाईंनाही कळू दिली नाही.

सोहळ्याला दालन गच्च भरलं होतं. कापड सरकलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मालकीणबाई त्याच्या कानाशी लागल्या, "काका, जिंकलात."

मग तपासनिसानं माइक हातात घेतला आणि उलट्या बोल्टचं गुपित पहिल्यांदाच उघड केलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

"आणि ज्यांच्या हातानं तो बोल्ट बसला," तो म्हणाला, "ते मिस्त्रीच आज इथे आले आहेत!"

पहिल्या रांगेतला दंतवैद्य अर्धवट उठला आणि परत बसला.

मिस्त्री सुनेच्या आधारानं आले. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले.

"ओळखलीत?" तपासनिसानं त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

"म्हणजे काय! माझीच."

"नक्की तुमच्याच हातची?"

"दुसऱ्या कुणाला जमतंय हे?"

दालन हसलं. कॅमेरे पुढे सरसावले. तपासनिसाचा ऊर भरून आला.

"मिस्त्री, किती वर्षांनी भेटताय हिला? सगळ्यांना सांगा." त्यानं माइक त्यांच्या तोंडासमोर धरला.

मिस्त्रींनी गोंधळून त्याच्याकडे पाहिलं.

"वर्षं कसली साहेब? मार्चमध्ये तर पुरी करून दिली या डॉक्टरांना. त्यांनी बदल्यात ही कवळी बसवून दिली, फुकट!" असं म्हणून त्यांनी सगळ्यांना दिसावी म्हणून तोंड उघडून दाखवलं.