एकशे एक्कावन्नावा नग

हातोडा साच्यावर काम करणाऱ्या दत्तारामच्याच हातात दिला गेला. साकीनाक्याच्या कारखान्यात त्या दिवशी भाड्याच्या खुर्च्या मांडून शौकीन मंडळी बसली होती. चित्रकार चंद्रप्रकाशने त्यांना शब्द दिला होता: चिनी मातीचे दीडशेच चेहरे, त्यावर एकही नाही. तेव्हा साचा सगळ्यांदेखत फुटायला हवा होता.

दत्तारामने घाव घातला. ठोकळ्याचे चार तुकडे झाले, टाळ्या पडल्या. फुटला होता तो किटलीचा जुना साचा. बाहेरून सगळे साचे सारखेच दिसतात, हे त्या कोटवाल्यांना कोण सांगणार? खरा साचा त्याने मागच्या खोलीत गोणपाटाखाली लपवून ठेवला होता.

तो साचा त्याच्या लेकीचा होता. सुलक्षणा एकदा बापाचा डबा घेऊन आली आणि चंद्रप्रकाशच्या नजरेत भरली. त्याने तिला डोळे मिटायला सांगून चेहऱ्यावर प्लास्टर थापलं. पहिला नग निघाला तेव्हा तो खूश झाला. "वा, हनुवटीवरची खोकसुद्धा उतरलीय," म्हणाला.

"पण साहेब, चाळीस नगांनंतर साचा झिजतो. नवा करावा लागेल."

"एकच साचा, असं मी कागदावर लिहून दिलंय दत्ताराम. टिकव."

दहावा नग भट्टीत होता तेव्हा सुलक्षणा काविळीने गेली. सात वर्षांची पोर. फोटो काढू काढू म्हणत राहूनच गेला होता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दत्ताराम कामावर आला आणि त्याने साच्यात पातळ कालवलेली माती ओतली. दुसऱ्या कोणी साच्याला हात लावलेला त्याला खपत नसे. सकाळी साचा उघडला की लेक समोर यायची, झोपल्यासारखी. तो ओल्या स्पंजाने तिचं तोंड पुसायचा. मग रंगारी येऊन तिचे केस निळे करायचा, मिटल्या डोळ्यांवर पिवळा गॉगल काढायचा आणि लेक खोक्यात भरून परक्याच्या घरी जायची. असं एकशे चाळीस वेळा झालं.

घरी वनमाला एकच म्हणायची, "तुम्ही रोज बघता तिला. मला एकदा तरी दाखवा." पण कारखान्यात नग मोजून घेत, एकही बाहेर नेता येत नसे.

साचा फोडल्याचं नाटक झालं आणि त्याच आठवड्यात त्याने एकशे एक्कावन्नावा नग ओतला. कपबश्यांच्या भट्टीत एका कोपऱ्यात तो भाजून घेतला. रंग नाही, गॉगल नाही, नुसती पांढरीशुभ्र पोर. टॉवेलात गुंडाळून रविवारी दुपारी तो तिला असल्फ्याच्या खोलीवर घेऊन आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला बरं वाटत होतं.

वनमालाने हात धुतले, पदराला पुसले आणि चेहरा मांडीवर घेतला. हनुवटीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"ही कोणाची पोर आणलीत?" ती म्हणाली. "हिची खोक कुठाय?"

दत्तारामने वाकून पाहिलं. त्याला तर रोजची सुलक्षणाच दिसत होती. खोक कसली, ते काही केल्या त्याला आठवेना.