नणंदेची पाठवणी

कॉन्स्टॅन्टिनोपलच्या राजवाड्यात सम्राटापेक्षा त्याच्या थोरल्या बहिणीचा, मकेडोनियाचा, शब्द चाले. जन्मभर कुमारी राहण्याचं व्रत घेतलेली ही नणंद सम्राज्ञी युस्टोलियाच्या डोळ्यांत सलत होती. सम्राटाला मुलगा नव्हता. एकुलत्या लेकीचा, बासिलिनाचा, नवराच पुढे गादीवर बसणार, आणि तो नवरा युस्टोलियाने आपल्या माहेरातून हेरून ठेवला होता. आता फक्त नणंद वाटेतून दूर व्हायला हवी होती.

“वन्सं, देवाला वाहिलेलं माणूस राजवाड्यात शोभत नाही,” ती गोड आवाजात म्हणाली. “मठात जा. ह्यांचीही संमती आहे.”

मकेडोनिया चिडली नाही. “जाते की. उद्या सकाळच्या प्रार्थनेला बासिलिनाला तेवढं शेवटचं नेते. आत्याशिवाय करमायचं नाही पोरीला.”

“न्या हो, खुशाल न्या!” युस्टोलियाला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर लोकांचा जयजयकार उठला. दारात नणंद उभी होती आणि तिचा हात धरून बारा वर्षांची बासिलिना. तिचे केस कापलेले, डोक्यावर पांढरं वस्त्र.

“आई, मीपण आत्यासारखं व्रत घेतलं! सगळ्या शहरासमोर!”

“अगं, आणि तुझं लग्न?” युस्टोलिया ओरडली.

“तुमचंच खरं, वहिनी,” मकेडोनिया म्हणाली. “देवाला वाहिलेलं माणूस इथे शोभत नाही. दोघींचं सामान बांधायला सांगा.”